गाडी दारात, आरसी बुक विक्रेत्याच्या कपाटात: एका व्यवहाराचा प्रकरण अभ्यास

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने रविवार, २४ नोव्हेंबर २०२४ रोजी चिंचवडमधील एका गृहस्थांकडून त्यांची २०१७ सालची पेट्रोल गाडी ३,४०,००० रुपयांना विकत घेतली. मध्ये दलाल नव्हता आणि जुन्या गाड्यांचा व्यापारीही नव्हता. जाहिरात पाहून फोन झाला, गाडी पाहिली, भाव ठरला. ३,१०,००० रुपये त्याच दिवशी बँकेतून विक्रेत्यांच्या खात्यात गेले आणि उरलेले ३०,००० गाडी नावावर होताना द्यायचे ठरले. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर दोन पानी करारनामा झाला, त्यावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. विक्रेते ३० दिवसांच्या आत आरसी बुक, बँकेचे ना हरकत पत्र आणि हस्तांतरणाच्या अर्जांवरील सह्या देतील व त्याच वेळी उर्वरित रक्कम घेतील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. गाडी एका किल्लीनिशी मिळाली. दुसरी किल्ली गावाकडच्या घरी राहिली आहे, आणून देतो, असे विक्रेत्यांनी सांगितले.

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेले आहे. त्यातील शिक्षिका आणि विक्रेते या कोणी विशिष्ट व्यक्ती नाहीत. मात्र त्यात येणारे कायदे, कलमे आणि न्यायनिर्णय खरे आहेत, आणि असा पेच किती घरांत पडलेला असतो हे जुनी गाडी घेतलेल्या कोणालाही विचारून पाहावे.

डिसेंबर उलटला तरी आरसी बुक मिळाले नाही. गाडीवरील कर्ज आधीच फिटले होते, पण बोजा, म्हणजे आरसी बुकावरील बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवलेला नव्हता; त्यामुळे 'बँकेची एनओसी आली की लगेच देतो' हे सुरुवातीचे उत्तर पटण्यासारखे होते. १० जानेवारी २०२५ रोजी विक्रेत्यांनी स्वतःच त्या पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याच आठवड्यात मोशीजवळ वेगमर्यादा ओलांडल्याचे एक ई-चलन विक्रेत्यांच्या मोबाइलवर आले, कारण नोंदणीत क्रमांक त्यांचाच होता. तेथून सूर बदलला. चलनामुळे आपल्याला मनस्ताप झाला, शिवाय त्याच गाडीला दुसरे गिऱ्हाईक जास्त भाव देत होते, तेव्हा सह्या हव्या असतील तर ठरलेल्या ३०,००० व्यतिरिक्त आणखी २५,००० द्या, अशी मागणी आली. शिक्षिकेने करारनाम्याची आठवण दिली तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, गाडी तर तुमच्याकडेच आहे ना? मग कागदांची एवढी घाई कशाला?" त्यानंतर फोन उचलणे बंद झाले.

घाई कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे आणि ते दोन्ही पक्षांनी नीट समजून घेणे गरजेचे आहे.

एकाच गाडीचे दोन मालक

मोटार गाडी ही कायद्याच्या दृष्टीने जंगम वस्तू आहे आणि तिची विक्री वस्तू विक्री अधिनियम, १९३० याखाली येते. त्या कायद्याच्या कलम १९ आणि २० नुसार ठरावीक वस्तूची मालकी पक्षकारांच्या इराद्याप्रमाणे, म्हणजे बहुधा करार आणि ताबा यांच्याबरोबर, खरेदीदाराकडे जाते. घराप्रमाणे दस्त नोंदवल्यानंतरच मालकी मिळते असे गाडीच्या बाबतीत नाही. या हिशेबाने २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळीच शिक्षिका गाडीच्या मालक झाल्या. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम २(३०) सांगते की त्या कायद्यापुरता मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. म्हणून चलन, अपघात, भरपाई, 'त्या दिवशी गाडी कोण चालवत होते' ही पोलिसांची विचारणा या सगळ्यांसाठी मालक अजूनही चिंचवडचे गृहस्थच राहिले.

येथे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक भेद सांगितला पाहिजे. तिकडे बहुतेक राज्यांत 'टायटल' हा मालकीचा स्वतंत्र कागद असतो आणि नोंदणीचा कागद वेगळा असतो. विक्रेत्याने टायटल दिले नाही तर टेक्सससारख्या राज्यात गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा हमी-बाँड घेऊन 'बाँडेड टायटल' मिळवण्याची वाट आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र मालकीपत्राचा कागद नाही. आरसी बुक हे नोंदणीचे प्रमाणपत्र आहे, आणि बाँड देऊन ते आपल्या नावाचे करून घेण्याची सोयही नाही. त्यामुळे भारतात हा पेच सोडवायचा तर अखेरीस विक्रेत्याची सही, किंवा त्या सहीच्या जागी न्यायालयाची सही, मिळवावीच लागते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० ने दोघांवर वेगवेगळी जबाबदारी टाकली आहे. गाडी राज्याबाहेर जात नसेल तर विक्रेत्याने विक्रीपासून १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला विक्री कळवायची आणि त्या कळवण्याची प्रत खरेदीदाराला द्यायची. खरेदीदाराने ३० दिवसांत ती प्रत, शुल्क आणि आरसी बुक प्राधिकाऱ्याकडे सादर करायचे. विक्रेत्याचा अर्ज तो नमुना २९ आणि खरेदीदाराचा तो नमुना ३०. एजंटांच्या तोंडी हाच 'टीटीओ'चा, म्हणजे मालकी हस्तांतरणाचा, संच. या प्रकरणात विक्रेत्यांची मुदत ८ डिसेंबरला आणि शिक्षिकेची २४ डिसेंबरला संपली. हे कलम बारकाईने वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते: आरसी बुक खरेदीदाराने सादर करायचे आहे, याचा अर्थ ते विक्रीनंतर खरेदीदाराच्या हातात असणार हे कायद्याने गृहीतच धरले आहे. जो विक्रेता ते अडवून ठेवतो, तो स्वतःचे कर्तव्य तर मोडतोच, शिवाय समोरच्यालाही तिचे कर्तव्य पार पाडू देत नाही. नोटिशीत हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यायला हवा असे माझे मत आहे, कारण विक्रेत्याचे 'मी फक्त कागद ठेवलाय' हे म्हणणे त्याने तिथेच संपते.

बोजाचा प्रश्न वेगळा आहे. आरसी बुकावर बँकेचे नाव असेपर्यंत कलम ५१ प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होत नाही. कर्ज फिटले तरी नोंद आपोआप पुसली जात नाही; त्यासाठी नमुना ३५ वर मालकाची आणि बँकेची सही लागते. बँका ना हरकत पत्रावर बहुधा मुदतही घालतात, त्यामुळे ते कपाटात ठेवून दिल्यास पुन्हा नव्याने मागावे लागते. शिक्षिकेकडे या पत्राचा फोटो होता, मूळ पत्र नव्हते. तरीही तो फोटो फार मोलाचा ठरला. बँकेची अडचण १० जानेवारीला संपली होती आणि त्यानंतरची अडवणूक केवळ पैशासाठी होती, हे विक्रेत्यांच्याच मोबाइलवरून आलेल्या त्या एका फोटोने सिद्ध होत होते.

उरलेल्या रकमेसाठी कागद अडवता येतात का?

विक्रेत्यांचा एक बचाव ऐकायला रास्त वाटतो: '३०,००० रुपये बाकी आहेत, मग कागद का देऊ?' वस्तू विक्री अधिनियमात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला वस्तू रोखून धरण्याचा हक्क आहे, पण वस्तू त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. कलम ४९ प्रमाणे खरेदीदाराला वस्तूचा कायदेशीर ताबा मिळाला की तो हक्क संपतो. त्यानंतर विक्रेत्याला कलम ५५ खाली किमतीचा दावा लावता येतो. गाडी हातची गेल्यावर तिचे कागद रोखून तोच हक्क मागल्या दाराने वापरता येत नाही.

अर्थात या करारनाम्यात सह्या आणि उरलेली रक्कम एकाच वेळी द्यायची होती, म्हणून ३०,००० आधी मिळावेत असा आग्रह शिक्षिका जशा नाकारू शकत होत्या, तसेच ती रक्कम देण्याची आपली तयारी त्यांना दाखवावीच लागणार होती. येथे अनेकजण चूक करतात. रागाच्या भरात 'आता उरलेले देणारच नाही, तेवढीच नुकसानभरपाई' असे लिहून पाठवतात आणि आपल्याच दाव्याचा पाया खणतात. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३, ज्याला न्यायालयाच्या आवारात सगळे स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट म्हणतात, त्याच्या कलम १६(ग) प्रमाणे कराराची पूर्तता मागणाऱ्याने आपण स्वतः आपल्या वाट्याची पूर्तता करायला कायम तयार आणि राजी होतो हे सिद्ध करावे लागते. शिक्षिकेनेही असा एक संदेश टाइप करून ठेवला होता. वकिलांनी तो पाठवू दिला नाही. त्याऐवजी ३०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट विक्रेत्यांच्या नावे काढून त्याचा क्रमांक नोटिशीत नमूद करण्यात आला. मागितलेल्या जादा २५,००० रुपयांना मात्र कोणताच आधार नव्हता; एकदा ठरलेला भाव एकट्याच्या इच्छेने वाढत नाही.

पोलीस ठाण्यात काय झाले

जानेवारीच्या अखेरीस शिक्षिका भावाला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. अर्ज घेतला गेला, पण गुन्हा नोंदवला गेला नाही. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे असे सांगण्यात आले. अशा वेळी मनस्ताप होणे स्वाभाविक आहे, परंतु या वस्तुस्थितीत ते उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी अप्रामाणिक हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून असावा लागतो. 'हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य' या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे की नंतर वचन मोडले एवढ्यावरून सुरुवातीचा हेतू खोटा होता असे धरता येत नाही. येथे विक्रेत्यांनी गाडी दिली, बँकेचे पत्र मागवले, आणि मग लोभ सुटला. हा करारभंग आहे.

याच गोष्टीत थोडे फेरफार केले तर मात्र चित्र पालटते. कर्ज चालू असताना 'गाडी क्लिअर आहे' असे लिहून दिलेले असेल, तीच गाडी आधी दुसऱ्याला विकलेली असेल, चासी क्रमांकात खाडाखोड असेल किंवा दाखवलेले आरसी बुक बनावट असेल, तर पोलिसांनी हात झटकणे योग्य नाही. मग दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक ठरवणाऱ्या, 'ललिता कुमारी' प्रकरणातील १२ नोव्हेंबर २०१३ च्या घटनापीठाच्या निर्णयाकडे बोट दाखवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाच्या वरिष्ठांकडे लेखी दाद मागता येते, आणि तेथेही काही झाले नाही तर कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

दुसऱ्या किल्लीचा धोकाही याच ठिकाणी सांगितला पाहिजे. नोंदणी आपल्या नावावर आहे म्हणून विक्रेता रात्री येऊन गाडी घेऊन गेला, तर तो स्वतःची गाडी नेत आहे असे कायदा मानत नाही. ज्याच्याकडे वस्तूचा हक्काचा ताबा आहे त्याच्याकडून ती अप्रामाणिकपणे नेणे ही चोरीच असते. तरीही अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत पोलीस आरसीवरचे नाव पाहूनच गोंधळतात, म्हणून करारनाम्याची प्रत गाडीत न ठेवता घरी ठेवावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये असावा.

आरटीओच्या खिडकीवर

पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात शिक्षिकेला समजले की विक्रेत्याच्या सहीशिवाय हस्तांतरण होणार नाही. आता तर प्रणालीवर अर्ज भरताना नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, त्यामुळे अडवणुकीला कागदाइतकाच तो सहा आकड्यांचा संदेशही पुरतो. आरसी हरवल्याचे सांगून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागण्याचा सल्ला तिथल्या एका एजंटाने दिला. हा सल्ला कोणीही ऐकू नये. तो अर्ज नोंदणीकृत मालकाचाच असतो, आणि न हरवलेली वस्तू हरवली असे पोलिसांना लिहून देणे म्हणजे स्वच्छ बाजू हातची घालवणे होय.

तरीही परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देणे आवश्यक होते आणि तो ३० जानेवारीला दिला गेला. त्यात विक्रीची हकिगत, चासी क्रमांक आणि रक्कम भरल्याचा बँकेचा उतारा जोडून दोन विनंत्या केल्या: आपले म्हणणे ऐकल्याशिवाय या गाडीचे दुय्यम आरसी देऊ नये, आणि तिसऱ्या कोणाच्या नावे हस्तांतरण नोंदवू नये. परिवहन अधिकारी मालकीचा वाद सोडवत नाहीत. पण शिक्का मारलेली पोच हातात असली की उद्या विक्रेत्याने 'आरसी हरवले' म्हणून अर्ज केल्यास तो अंधारात मंजूर होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, आणि विक्री आपण लेखी कळवली होती हेही नोंदीवर राहते. मोशीचे ते चलनही शिक्षिकेने गाडीचा क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून ऑनलाइन भरून टाकले. विक्रेत्यांची एक रास्त तक्रार त्याने संपली, आणि थकीत चलन असताना हस्तांतरण अडते तो अडथळाही दूर झाला.

ग्राहक आयोगाचा विचारही झाला आणि तो सोडून देण्यात आला. आपली वापरलेली एक गाडी विकणारा गृहस्थ हा व्यापारी नसतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ त्याला लागू करणे अवघड आहे. हीच गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून किंवा ऑनलाइन कंपनीकडून घेतली असती तर जिल्हा आयोग हाच पहिला दरवाजा ठरला असता. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार तेथे चालते आणि ती दोन वर्षांत करावी लागते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ५५अ ते ५५ह आले असून नोंदणीकृत वाहनांच्या अधिकृत व्यापाऱ्यावर गाडी ताब्यात आल्यानंतरच्या जबाबदाऱ्या टाकल्या आहेत.

विक्रेत्यांना न दिसलेला धोका

नोटीस ३ फेब्रुवारी २०२५ रोजी पोचपावतीसह टपालाने गेली आणि तिची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवली गेली. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोहोचले असे सामान्य वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट), १८९७ च्या कलम २७ ने गृहीत धरले जाते, त्यामुळे पाकीट 'घेण्यास नकार' अशा शेऱ्याने परत आले असते तरी चालले असते. नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत, ड्राफ्टचा क्रमांक, कलम ५० आणि मागण्या हे सगळे होतेच. पण तिचा खरा जोर एका परिच्छेदात होता, आणि तो विक्रेत्यांच्या स्वतःच्या हिताविषयी होता.

तो परिच्छेद ज्या निकालावर उभा होता, तो म्हणजे 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार'. नोंदणीकृत मालकाने जुलै २००७ मध्ये गाडी विकली, ताबा दिला. पुढे ती आणखी काही हातांतून गेली, पण आरटीओच्या नोंदीत पहिल्याचेच नाव राहिले. २७ मे २००९ रोजी त्या गाडीने अपघात झाला, त्यात एक जीव गेला, आणि गाडीचा विमा नव्हता. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कलम २(३०) प्रमाणे नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघातग्रस्तांची भरपाई त्याच्यावरच येते; अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणाकोणाकडे गेली याचा माग काढत बसावे अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वी विकलेल्या, डोळ्यांसमोर नसलेल्या गाडीचे ओझे त्या माणसाच्या डोक्यावर आले.

चिंचवडच्या गृहस्थांनी २५,००० रुपयांसाठी नेमके हेच ओझे स्वतःकडे ठेवून घेतले होते. आरसी आपल्याकडे आहे म्हणजे दोरी आपल्या हातात आहे असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात चाकणच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या, ज्यावर आपले कोणतेही नियंत्रण नाही अशा गाडीचे कायदेशीर मालक ते राहिले होते. कोणी धडकून पळून गेले तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ खाली चालकाची माहिती विचारायला पोलीस प्रथम त्यांच्याच दारात येणार होते. अशा वादांत नोटीस लिहिताना धमकीच्या दहा ओळींपेक्षा हा एक निकाल अधिक काम करतो, कारण तो समोरच्याला त्याच्या स्वतःच्या तोट्याचा हिशेब दाखवतो.

शिक्षिकेचा धोकाही तितकाच खरा होता. कलम १५७ प्रमाणे तृतीय पक्षापुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असे मानले जाते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप येत नाही. 'कम्प्लीट इन्शुलेशन्स' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा फरक स्पष्ट केला. उलट 'सुरेंद्र कुमार भिलावे' प्रकरणातील १८ जून २०२० च्या निकालात, गाडी आधीच विकली गेली आहे म्हणून विमा कंपनीने नाकारलेला दावा नोंदणीकृत मालकाच्या बाजूने मान्य झाला. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर गाडी चोरीला गेली असती किंवा चक्काचूर झाली असती तर शिक्षिकेला विमा कंपनीकडून स्वतःच्या नावे काही मिळणे कठीण होते. विमा जून २०२५ पर्यंत चालू आहे याची खात्री करून त्यांनी गाडीचा वापर शाळेपुरता ठेवला, रात्री ती सोसायटीच्या फाटकाच्या आत लावली आणि लांबचे प्रवास एसटीने केले. ऐकायला साधी वाटणारी ही काळजी त्या महिन्यांत कोणत्याही कलमाइतकीच महत्त्वाची होती.

दावा लावावा लागला असता तर

पंधरा दिवस उलटले, उत्तर आले नाही आणि दाव्याचा मसुदा तयार झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे विक्रेते जेथे राहतात आणि व्यवहार जेथे झाला तेथील, म्हणजे पिंपरीच्या दिवाणी न्यायालयात तो दाखल होणार होता. पूर्वी जंगम वस्तूंच्या बाबतीत 'पैसे घ्या आणि बाजारातून दुसरी घ्या' असा न्यायालयांचा कल असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम १० बदलले आणि कायद्यातील अपवाद सोडता कराराची पूर्तता करवणे हा नियम झाला. त्यामुळे मुख्य मागणी होती सह्या आणि कागद देण्याच्या कराराची पूर्तता. तिच्या जोडीला त्याच कायद्याच्या कलम ३४ खाली मालकीची घोषणा, कलम ३९ खाली आरसी सुपूर्द कराच असे बजावणारा आदेशात्मक मनाई हुकूम, झालेल्या खर्चाची भरपाई, आणि निकाल लागेपर्यंत गाडीचा ताबा न हिरावण्याचा व ती तिसऱ्याला न विकण्याचा तात्पुरता मनाई हुकूम. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून जुना मोबाइल बदलू नये, संदेश पुसू नयेत, अशी ताकीद शिक्षिकेला मिळाली होती.

हुकूमनामा, म्हणजे दाव्यातील न्यायालयाचा अंतिम आदेश, झाल्यावरही विक्रेत्यांनी सही केली नाही तर काय, ही भीती प्रत्येक पक्षकाराला असते. त्याचे उत्तर संहितेच्या आदेश २१, नियम ३४ मध्ये आहे. हुकूमनामाधारक दस्ताचा मसुदा न्यायालयाला देतो, तो विरुद्ध पक्षाला पाठवून हरकती मागवल्या जातात, आणि मग न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी त्या पक्षाच्या वतीने स्वतः सही करतो. त्या सहीचा परिणाम पक्षकाराने केलेल्या सहीइतकाच असतो. नमुना २९ वर अशी सही आणि सोबत हुकूमनामा असला की ओटीपीचा अडथळा हा न्यायालयाचा हुकूम कार्यालयाने कसा अंमलात आणायचा एवढ्यापुरता उरतो. म्हणूनच 'विक्रेता सहीच करणार नाही, मग कोर्टात जाऊन काय उपयोग' हा समज मुळातून चुकीचा आहे. वेळ लागतो हे मात्र खरे, आणि असा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद ५४ येथे लागू होतो.

करार रद्द करून गाडी परत देणे आणि पैसे मागणे हा दुसरा मार्ग होता. तो पहिल्या काही दिवसांत अधिक सोपा असतो. गाडी स्वीकारून महिनोन्‌महिने वापरल्यावर वस्तू विक्री अधिनियमाचे कलम १३(२) आडवे येते आणि अटीच्या भंगासाठीही सामान्यतः केवळ भरपाई मागता येते. शिक्षिकेला गाडी हवीच होती, त्यामुळे हा मार्ग त्यांनी घेतला नाही.

दाव्याआधीची बैठक

मसुदा दाखल करण्यापूर्वी शिक्षिकेने पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज केला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्यास पात्र असते; नोकरी करणाऱ्या अनेक स्त्रियांना हे ठाऊक नसते आणि त्या उगाच संकोच करतात. कलम २० नुसार न्यायालयात दाखल न झालेला वादही लोकअदालतीपुढे ठेवता येतो.

पहिल्या तारखेला विक्रेते आले नाहीत. दुसऱ्या तारखेला ते पत्नीसह आले आणि नोटिशीत उल्लेखलेल्या निकालाविषयी त्यांनीच प्रथम विचारले: गाडी त्यांच्याकडे असताना अपघात झाला तर पैसे खरोखर माझ्याकडून वसूल होतील का? त्यांना होकारार्थी उत्तर मिळाले आणि २५,००० चा विषय पुन्हा निघाला नाही. शिक्षिकेनेही चलन उशिरा भरल्याचे मान्य केले. मार्च २०२५ मधील लोकअदालतीत तडजोड नोंदवली गेली. कलम २१ प्रमाणे असा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून अटी मोघम ठेवणे धोक्याचे होते. 'विक्रेते सहकार्य करतील' असे मूळ मसुद्यातले वाक्य खोडून त्या जागी तारखा घालण्यात आल्या: बँकेकडून ताजे ना हरकत पत्र कोणत्या दिवसापर्यंत, नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३५ वर सह्या कधी, ऑनलाइन अर्जाच्या वेळी दोघांनी एकत्र बसून ओटीपी द्यायचा तो दिवस कोणता, आणि ३०,००० चा ड्राफ्ट कोणत्या टप्प्यावर हातात द्यायचा.

ठरल्या दिवशी दोघे परिवहन कार्यालयाबाहेरच्या टायपिंगच्या टपरीवर शेजारी बसले. विक्रेत्यांनी मोबाइल पुढे करून आकडे वाचून दाखवले, अर्ज पुढे गेला, आरसी बुक आणि बँकेचे पत्र फाइलला लागले, आणि ड्राफ्ट दिल्यावर त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढून दिली. नव्या नावाचे आरसी हाती आल्यावर शिक्षिकेने त्याच आठवड्यात विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावे करण्याचा अर्ज दिला.